कॅम्पर व्हॅनला आधी काय लावाल: गिअर लॉक, छुपा स्विच की जीपीएस?

नाशिकची कॅम्पर धावते कमी, उभी राहते जास्त. गंगापूर धरणाच्या काठी रात्रभर, अंजनेरीच्या पायथ्याशी अर्धा दिवस. सिंहस्थात बाह्य वाहनतळावर ठेवून रामकुंडाकडे गेलात तर किती तास, ते सांगता येणार नाही. म्हणून चोरीपासून बचावाच्या खर्चाचा क्रम आधी ठरवा.

सुरुवात चावीपासून. खिशातून न काढता दार उघडणारी, बटणावर गाडी सुरू करणारी चावी असेल, तर चोराला तिला हातही लावावा लागत नाही. एक जण घराच्या दाराशी यंत्र धरून चावीचा सिग्नल पकडतो, दुसरा तो गाडीपर्यंत पोहोचवतो. त्यावर धातूच्या अस्तराचं पाकीट पुरतं. चावी पाकिटात ठेवून गाडीजवळ जा. दार उघडलंच तर ते पाकीट बदला. जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेल्या व्हॅनची चावी मात्र खोचून फिरवायची, तिला पाकिटाचा उपयोग नाही. तिथे इमोबिलायझर, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, आहे का, हे तपासा. चावीवाल्याने घासून दिलेल्या बिनचिपच्या चावीवर इंजिन सुरू होऊन चालू राहिलं, तर तो नाही.

गिअरचा दांडा जखडणारा गिअर लॉक आणि तार तोडून गाडी सुरू होऊ न देणारा छुपा स्विच यांत मी आधी गिअर लॉक घेईन. तो काचेतून दिसतो, आणि घाईत असलेला चोर शेजारची गाडी बघतो. पण कॅम्परमध्ये आपण झोपतोही. रात्री दोन वाजता कुणी काच ठोठावली आणि तिथून निघायचं असेल, तर लॉकची चावी अंधारातही हाताला लागायला हवी. माझी ड्रायव्हरच्या सीटमागे, उशाशी, खिळ्याला टांगलेली असते.

छुपा स्विच स्वस्त, पण तो कुठल्या तारेवर बसवला यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक जण स्टार्टरच्या तारेवर बसवतात. मॅन्युअल गिअरची डिझेल गाडी उतारावर धक्का मारूनही सुरू होते. चोराने कुलूप फोडून किंवा नकली चावीने इग्निशन चालू केलं, तर हा स्विच आडवा येत नाही. इंधनाच्या पुरवठ्यावर बसवलेला स्विच खरा कामाचा. मात्र चालत्या गाडीत तो चुकून बंद पडला तर इंजिन थांबतं, स्टीअरिंग जड होतं, ब्रेकची मदत संपते. कसारा घाटात हे परवडणारं नाही. म्हणून तो जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच आणि सहज धक्का लागणार नाही अशा जागी बसवून घ्या. मोबाइलवरून इंजिन बंद करणाऱ्या सोयीलाही हाच धोका आहे.

जीपीएस चोरी रोखत नाही, गाडी गेल्यावर शोधायला मदत करतो. नेटवर्क नसेल तिथे तो गप्प राहतो, आणि चोर बॅटरीची तार आधी काढतो. इथे कॅम्परवाल्याचा एक फायदा आहे: जीपीएस मागच्या घरगुती, म्हणजे दिवे-पंख्यांच्या वेगळ्या बॅटरीवर जोडा, आत स्वतःची बॅकअप बॅटरी असलेलाच घ्या आणि फर्निचरच्या पाठीमागे लपवा. त्यातल्या सिमची मुदत संपू देऊ नका.

आणि दुसरी चावी. बॉनेटच्या आत, ताटल्यांच्या खणात, गादीखाली ती ठेवायची सवय मोडा. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी सहसा दोन्ही चाव्या मागते, आणि एक नसेल तर प्रश्न सुरू होतात. आत केलेली सजावट, सोलर, बॅटऱ्या पॉलिसीत नोंदवल्या नसतील तर त्यांची भरपाई मागता येणं अवघड. माझी दुसरी चावी घरी, आईच्या कपाटात आहे.