14-16-18-22-28: जुनं सनटूर फ्रीव्हील स्वतः जुळवून आठ महिने चालवल्यावर

माझी सायकल ऐंशीच्या दशकातली जपानी स्टीलची, पुढे 52/42 च्या दोन चकत्या, मागे सनटूर ह्या जपानी कंपनीचं परफेक्ट मॉडेलचं पाच स्पीडचं फ्रीव्हील (मागच्या चाकावर थ्रेडने बसणारा दातेरी चकत्यांचा संच) 14-16-18-21-24, आकडे म्हणजे प्रत्येक चकतीचे दाते. सपाटीला मस्तच चालते पण सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहायचं म्हणजे कधीतरी ओल्ड ला होंडा रस्त्याचा चढ आलाच, साडेपाच किमीच्या आसपास आणि सरासरी सात टक्क्यांच्या वर, तिथे 42 ला 24 लावून पोटऱ्या नुसत्या भरून यायच्या.

तयार 14-17-20-24-28 मिळालं म्हणून ते लावून बघितलं. चढाला आराम, पण समोरून वारा असला की 14 जड आणि 17 हलका, मधलं काहीच नाही, पायांची लयच बसेना. मग ठरवलं, लहान तीन चकत्या जवळजवळच्या तशाच ठेवायच्या आणि ह्यातला 28 काढून माझ्या जुन्यावर चढवायचा.

काढताना एक चूक महागात पडली. सनटूरच्या ह्या मॉडेलला दोनच खाचा असतात, आणि मी रिमूव्हर (त्या खाचांत अडकवून फ्रीव्हील सोडवायचं अवजार) अ‍ॅक्सलच्या नटाने आवळून न धरता जोर लावला, तो सटकला आणि खाचेची कड सोलून निघाली. नट आवळायचा, फ्रीव्हील पहिल्यांदा सुटलं की लगेच सैल करायचा. दुसरं म्हणजे बाहेरच्या थ्रेडवाल्या चकत्या फ्रीव्हील चाकावर असतानाच दोन चेनव्हिपने (चकती धरून फिरवायचं, चेनचा तुकडा लावलेलं हत्यार) सैल करून घ्या, नंतर धरायला काही उरत नाही. आतल्या मोठ्या चकत्या खाचांवर सरकून येतात. मधले स्पेसर काढले त्याच क्रमाने मांडून ठेवा, अल्ट्रा-6 चे (सनटूरचंच, सहा चकत्या जवळजवळ बसवलेलं फ्रीव्हील) पातळ असतात, ते ह्यात मिसळले तर सगळं बिघडतं.

पहिले तीन महिने 14-16-18-21-28 चालवलं. 21 वरून 28 ची उडी फार मोठी, चार-पाच टक्क्यांच्या चढाला एकात अडकल्यासारखं आणि दुसऱ्यात पाय भिरभिरायचे. बाईक को-ऑपच्या (सायकलवाल्यांचं सामायिक दुरुस्ती केंद्र) जुन्या भागांच्या डब्यात 22 चा सुटा मिळाला, तो बसवला आणि फरक लगेच जाणवला, एका दात्याने इतका पडेल असं वाटलं नव्हतं.

28 साठी नवी, लांब चेन घ्यावी लागली आणि ती झिजलेल्या 16 वर जोर दिला की उडायला लागली, कारण तोच सगळ्यात जास्त वापरलेला. दुसऱ्या एका भंगार फ्रीव्हीलचा 16 लावून ते थांबलं. मोठ्या चकत्या मात्र जुन्यातही बहुतेक कोऱ्याच सापडतात.

डब्यात शोधताना आधी दाते बघा, माशाच्या पंखासारखे एका बाजूला वाकले असतील तर सोडा. मग हातात फिरवून ऐका, टिकटिक स्वच्छ पाहिजे, खरखर नको. आणि फ्रेंच थ्रेडचं फ्रीव्हील 34.7 मिमीचं असतं, ते ब्रिटिश थ्रेडच्या अ‍ॅल्युमिनियम हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) जोर करून चढवू नका, हबच जाईल. बसवताना थ्रेडला ग्रीस भरपूर.

आता 42/28 वर बसूनच अख्खा चढ जातो, वर पोचल्यावर गुडघा दुखत नाही. अजून एक 14 शोधतोय, आत्ताचा झिजत आलाय.