पक्कं यमक की जवळचं?

टिळकवाडीतला माझा भाचा इंग्रजीत रॅप लिहितो. परवा 'रेन'वर अडला. बेळगावचा पाऊस, दुसरा विषय कुठला असणार!

पक्क्या यमकात आघाताचा, म्हणजे ज्यावर जोर पडतो तो, स्वर आणि त्यापुढचं सगळं जुळतं, आधीचं व्यंजन तेवढं वेगळं: रेन, ट्रेन, लेन. कानाला टाळी बसते, पण शब्द लवकर संपतात आणि पुढची ओळ ऐकणारा आधीच ओळखतो. 'मंथ'ला तर नेहमीच्या वापरातला एकही जोडीदार नाही.

जवळच्या यमकात स्वर सांभाळायचा, व्यंजन थोडं सैल सोडायचं: रेन, नेम, गेम. न आणि म दोन्ही नाकातले, म्हणून खपून जातं. रॅपला मी हेच घेईन. लहान मुलांच्या गाण्याला मात्र पक्कंच हवं.

स्पेलिंगवर विसंबू नका. 'कम' आणि 'होम'ची शेवटची तीन अक्षरं सारखी, उच्चार वेगळे. 'फन' आणि 'वन'चं उलट. देवनागरीत लिहिलं की हे लगेच दिसतं. पण तीही फसवते: लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन आपण सारखंच लिहितो, 'रेन'शी जुळतं ते दुखण्याचंच. भाच्याने नेमकं लिहायचं घेतलं होतं.