‘फक्त बसवून काढलेले’ सेमी-स्लिक टायर: सोलापुरात झालेली फसवणूक आणि घेण्याआधी काय तपासायचं

सोलापुरातल्या एका बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशनच्या मालकाला ट्रॅकवर वापरून टाकलेले चार सेमी-स्लिक टायर, म्हणजे कमी नक्षीचे, मऊ रबराचे, मुख्यतः ट्रॅकसाठीचे टायर, ‘जवळपास नवे’ म्हणून गळ्यात मारले गेले. ही गाडी गावात आणि पुणे-हैदराबाद महामार्गावर नेहमी चालते, अधूनमधून कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जाते. मालकाला दोन्हीकडे चालेल असा एकच संच हवा होता. असं मागणारं गिऱ्हाईक दिसलं की ठकवणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं, कारण रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला उत्तम असा टायर कुणीच बनवत नाही.

विक्रेत्याने सांगितलं ते असं: माल इम्पोर्टेड आहे, परदेशात गाडीला लावून लगेच काढलेला आहे, ट्रेडवेअर (टायरवर छापलेला झिजेचा आकडा) २०० म्हणजे वीस हजार किलोमीटर नक्की, आणि भाव नव्याच्या निम्मा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली. तेव्हापासून १९-२० इंची रिमचे टायर हवे तेव्हा, हव्या त्या ब्रँडचे मिळत नाहीत. असे ‘लॉट’ खपतात ते या टंचाईमुळे. गाडीची मापं बरोबर होती, पुढे २४५/३५ आर१९ आणि मागे २६५/३५ आर१९. माप जुळलं की माणूस निर्धास्त होतो, आणि पुढचं वाचायचं राहून जातं.

खरी मेख तारखेत होती. टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, डीओटी अक्षरांनंतर येणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनला तो आठवडा आणि वर्ष. ०८२३ म्हणजे २०२३ चा आठवा आठवडा. पण बऱ्याच टायरांवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात, दुसऱ्या बाजूचा कोड त्याआधीच संपतो. इथले टायर बाणाच्या खुणेचे, म्हणजे एकाच दिशेने फिरणारे होते. असे टायर बसवले की गाडीच्या एका अंगाला तारीख बाहेर येते आणि दुसऱ्या अंगाला आपोआप आत जाते. विक्रेत्याने याचाच फायदा घेतला. उजवीकडच्या दोन टायरांवर ०८२३ ठळक दिसत होतं. डावीकडचे उतरवल्यावर आतल्या अंगाला निघालं ३११७. एकाच अ‍ॅक्सलवर साडेपाच वर्षांच्या अंतराचं रबर! जोरात ब्रेक मारला की दोन चाकांची पकड वेगळी असते, गाडी एका बाजूला ओढते. महामार्गावर पावसात हे जिवावर बेतू शकतं.

म्हणून तारीख टायर रिमवर चढवण्याआधी वाचायची, चारही टायरांची, दोन्ही बाजूंनी, मोबाइलमध्ये फोटो काढत. चढवल्यानंतर वाचायची वेळ आली तर गाडी लिफ्टवर घेऊन बॅटरीच्या उजेडात आतून वाचायची. ‘एवढं काय बघताय साहेब, माल खात्रीचा आहे’ असं ऐकू आलं तर तिथून निघालेलं बरं.

तारीख नवी असली तरी टायर चांगला असेल असं नाही. सेमी-स्लिकचं रबर झिजून संपण्याआधी बऱ्याचदा तापून संपतं. ट्रॅकवर दर फेरीसत्राला टायर तापतो आणि मग थंड होतो. प्रत्येक वेळी रबरातले बंध थोडे आणखी घट्ट होतात, तेलं उडून जातात, आणि रबर कडक होत जातं. नक्षी शिल्लक दिसते, पकड गेलेली असते. या गाडीचं करीवर नेमकं हेच झालं. दोन-तीन फेऱ्यांनंतर रबर तापून चिकट व्हायला हवं होतं, तसं काही होईना. वळणात गाडीचं नाक बाहेर जात राहिलं, आणि ब्रेकवर पाय ठेवताच एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, धडधडायला लागलं.

कडकपणा मोजायला ड्युरोमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं, शोर ए मापाचं. रस्त्यावरचा ताजा परफॉर्मन्स टायर साधारण साठ-पासष्टच्या आसपास वाचतो, सेमी-स्लिक त्याहून मऊ. सेमी-स्लिक म्हणवणारा टायर पंचाहत्तरच्या पुढे गेला तर तो ट्रॅकच्या कामाचा उरलेला नाही. पण मोजण्यातही डाव असतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे जातो, आणि दुपारी उन्हात पडलेला टायर हाताला चटका देतो. तापलेलं रबर मऊ लागतं, यंत्र कमी आकडा दाखवतं. विक्रेता दुपारी तीन वाजता दुकानाबाहेर मोजून दाखवत असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. सकाळी लवकर, सावलीत रात्रभर ठेवलेला टायर मोजायचा. प्रत्येक टायरवर मधे आणि दोन्ही कडांना, चाकाभोवती तीन-चार जागी सुई टेकवायची. चार टायरांत चार-पाच अंकांहून जास्त फरक आला तर संच एका घरचा नाही.

नख रुतवून बघण्यावर विसंबू नका. डिझेल, रॉकेल किंवा टायर मऊ करायचं रसायन चोळलं की वरचा थर काही दिवस मऊ राहतो आणि काळाभोर दिसतो. वास घ्या. बोटावर पांढरा कपडा गुंडाळून नक्षीच्या खाचेत, तळाशी घासा. नव्या टायरला थोडा काळपटपणा लागेलच, पण तेलकट चकाकी आली आणि रॉकेलसारखा वास आला तर टायर रंगवून आणलाय.

तापून गेलेल्या टायरच्या खुणा ठरलेल्या असतात. खांद्यावर, म्हणजे बाहेरच्या कडेला, निळसर-जांभळी झाक येते. नक्षीच्या ठोकळ्यांच्या कडा एका बाजूने धारदार आणि दुसऱ्या बाजूने गोल होतात. खाचांत ट्रॅकवरचे रबराचे गोळे अडकून बसतात. विकणारा माणूस हे गोळे खरवडतो, वरचा थर बफ मशिनने घासतो आणि पॉलिश मारतो. बफ केलेल्या रबरावर चाकाच्या दिशेने बारीक समांतर ओरखडे राहतात. तिरप्या उजेडात धरलं की ते दिसतातच, मग पॉलिश कितीही चढवा.

आता खाचांची खोली. मुख्य खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या असतात, टायर तिथवर झिजला की संपला. रस्त्यावरचा नवा टायर सात-आठ मिलिमीटरचा असतो, सेमी-स्लिक मात्र नवा असतानाच पाच-साडेपाचच्या आसपास असू शकतो. त्यामुळे ‘पाच मिलिमीटर आहे म्हणजे अर्धा वापरलेला’ आणि ‘पाच आहे म्हणजे कोराच’ ही दोन्ही वाक्यं मॉडेल पाहिल्याशिवाय खोटी. त्या मॉडेलची मूळ खोली आधी काढा आणि मग गेजने मोजा, आतली कड, मध्य, बाहेरची कड. झिजलेल्या टायरच्या खाचा गरम पात्याने पुन्हा कोरण्याचा प्रकार सगळ्यात घातक. ट्रकच्या काही टायरांवर ‘रिग्रूव्हेबल’ असं छापलेलं असतं, त्यांना ते चालतं. कारच्या टायरात तळाखाली रबराचा थर इतका पातळ असतो की कोरणं म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या जवळ जाणं. कोरलेल्या खाचेत झिजेच्या पट्ट्या कापलेल्या किंवा गायब असतात आणि तळ खडबडीत असतो. असा टायर २०० च्या वेगाला फुटला तर गाडी कुणाच्या हातात राहत नाही.

टायरच्या आत हात घातल्याशिवाय वापरलेला टायर घेऊ नये. आतल्या अस्तरावर गोल घासलेली जागा किंवा छत्रीसारखा प्लग म्हणजे जुनं पंक्चर. साइडवॉलच्या आतून चाकाभोवती काळपट खरखरीत कडं दिसलं आणि रबराचा भुगा हाताला लागला तर टायर हवेविना चालवला गेलाय. बाहेरून तो कोरा दिसेल, पण आतले धागे तुटलेले असतात.

ट्रेडवेअरचा आकडा किलोमीटरचं वचन देत नाही. तो अमेरिकेतला आकडा आहे. टेक्सासमधल्या ठरलेल्या मार्गावर ७,२०० मैल चालवून, १०० मानलेल्या तुलनेच्या टायराशी झीज ताडून पाहतात, आणि अंतिम आकडा कंपनी स्वतः जाहीर करते. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस वर ३०० लिहिलेलं असतं, पायलट स्पोर्ट कप २ वर १८०. यावरून जात कळते, आयुष्य कळत नाही. दुसरी थाप सोलापुरात फार चालते: ‘समर टायर फक्त उन्हाळ्यात चालतात, ऑल-सीझन घ्या.’ समर टायरचं रबर साधारण सात अंशांखाली कडक पडतं, आणि इथे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा तिथवर उतरत नाही. आपल्याकडे तो बारमाही टायर आहे. पावसाच्या पाण्यातही तो चांगला चालतो, कारण त्याच्या खाचा सेमी-स्लिकपेक्षा खोल असतात.

लोड आणि स्पीडचं चिन्हही वाचा. या गाडीला पुढे ९३वाय आणि मागे ९८वाय लागतं, म्हणजे एका टायरवर ६५० आणि ७५० किलो, वेग ३०० पर्यंत. कमी लोडचा टायर माप तेच असल्यामुळे बसतो, पण ट्रॅकवर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. भारतीय बाजारातल्या नव्या टायरवर आयएसआय मार्क आणि आयएस १५६३३ हा क्रमांक शोधा; नसेल तर आयातीची कागदपत्रं मागा.

वर्षातून दोनचार ट्रॅक डे असतील तर ३०० च्या आसपास ट्रेडवेअरचे नवे समर टायर घ्यावेत, सेमी-स्लिकच्या मागे लागू नये. सोलापूर ते कोइमतूर साधारण हजार किलोमीटर, तेवढा रस्ता सेमी-स्लिकवर काढणं म्हणजे ट्रॅकसाठी घेतलेलं महागडं रबर महामार्गावर घासून टाकणं. ट्रॅकला नियमित जाणाऱ्याने दुसरा संच वेगळ्या रिमवर ठेवावा. ट्रॅकवर हवेचा दाब पाच ते आठ पीएसआय वाढतो. तिथे गरम टायरमधून हवा सोडली असेल तर परतीला निघण्याआधी, टायर पूर्ण थंड झाल्यावर, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे पुन्हा भरायची. हे विसरून कमी हवेवर महामार्गाला लागलेले टायर आतून खराब होतात, आणि पुढे तेच ‘लॉट’मध्ये येतात.

या मालकाकडे पक्कं बिल नव्हतं, चिठ्ठीवर नुसतं ‘४ टायर’ लिहिलं होतं. पैसे दुकानाऐवजी एका खासगी मोबाइल नंबरवर गेले होते. त्यामुळे भांडायला हाती फार काही उरलं नाही. बिलावर जीएसटी क्रमांक, ब्रँड, मॉडेल, माप, चारही टायरांचे पूर्ण डीओटी कोड, आणि ‘नवे’ की ‘वापरलेले’ हे शब्द हवेत. जुना माल नवा म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. टायर उतरवताना व्हिडिओ करा, कोड आणि आतली बाजू दाखवत. तक्रार गेल्यावर विक्रेता फोन करतो, ‘टायर आणि बिल घेऊन या, बदलून देतो.’ टायर न्या, पण बिलाची झेरॉक्सच द्या आणि टायर जमा केल्याची सही-शिक्क्याची पावती हातात आल्याशिवाय ते गाडीतून उतरवू नका.