केबिन साइझ बाबागाडी: लेकीला घेऊन पाच दिवस शहर फिरलो, त्यानंतरचा रिव्ह्यू

आमची लेक २२ महिन्यांची आहे. तिला, सासूबाईंना आणि सामानाच्या तीन बॅगा घेऊन पाच दिवस एका मोठ्या शहरात फिरून आलो आणि खास त्या ट्रिपसाठी म्हणून ही फोल्डिंग बाबागाडी घेतली होती. घ्यायच्या आधी मी रात्र रात्र जागून रिव्ह्यू वाचले, सगळीकडे वजन किती आणि घडी एका हाताने होते का याच्यावरच चर्चा, आणि आमच्या पाच दिवसांत जी गोष्ट सगळ्यात जास्त कामाला आली ती कुणी धड लिहिलेलीच नव्हती. ती म्हणजे गाडीची पाठ किती मागे जाते.

का ते सांगते. या वयात दुपारची एकच झोप असते. १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची त्यातच धरायची, आणि ती दुपारची बुडाली की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. घरी असलं की ठीक आहे, पण फिरायला गेल्यावर झोपवायला म्हणून हॉटेलवर परत यायचं तर जाण्यायेण्यात दोन तास मोडतात, आणि एवढं करून खोलीत आल्यावर नवीन जागा बघून ती टक्क जागी. म्हणजे झोप रस्त्यातच व्हायला हवी, आणि रस्त्यात झोप व्हायची तर मान लोंबकळायला नको.

या गाडीची पाठ पूर्ण सपाट होत नाही पण बऱ्यापैकी मागे जाते. मागे एक पट्टा आहे, त्याची क्लिप दाबून धरली की पाठ हळूहळू खाली जाते आणि आवाज अजिबात होत नाही. पहिल्याच दिवशी म्युझियममध्ये ती पेंगायला लागली, मी मागून क्लिप दाबली, एक हात तिच्या डोक्याखाली ठेवला आणि पाठ खाली सोडली, तिने फक्त पाय ताणले, हातातला कापडी ससा छातीशी घेतला आणि झोपली ती थेट दीड तास. मी बाकावर बसले, नवरा आणि सासूबाई दोन दालनं बघून आले, मग ते बसले आणि मी गेले. त्या दीड तासासाठी मी या गाडीला सगळे मार्क द्यायला तयार आहे! उलट पाठ वर करायला मात्र दोन्ही हातांनी पट्टा ओढावा लागतो आणि धक्का बसतोच, त्यामुळे मूल झोपलेलं असताना तो उद्योग करू नका, पूर्ण उठू द्या.

आता विमानाचं. बहुतेक एअरलाइन्समध्ये २ वर्षांच्या आतलं मूल मांडीवर चालतं, पण वय धरतात ते प्रवासाच्या तारखेला, आणि येतानाच्या तारखेलाही. वाढदिवस ट्रिपच्या मधेच येत असेल तर येताना स्वतंत्र सीट घ्यावी लागू शकते, तेव्हा तारखा ठरवायच्या आधीच हे बघून ठेवा. केबिन बॅगेसाठी आयाटाचा (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) ढोबळ आकार ५६ बाय ४५ बाय २५ सेंटीमीटर आहे, पण तो नियम नाही, प्रत्येक एअरलाइन आपलं माप वेगळं लावते. मी घरी टेप लावून मोजली तर ही घडी केल्यावर ५४ बाय ४३ बाय २२ भरली. जाताना बिनबोभाट वरच्या कप्प्यात गेली. येताना विमान भरलेलं होतं, गेटवर टॅग लावून खाली सामानात टाकली, आणि उतरल्यावर दारात परत न देता थेट सामानाच्या बेल्टवर पाठवली. म्हणजे झोपलेली लेक कडेवर, पासपोर्टची भलीमोठी रांग, आणि गाडी तिकडे फिरत बसलेली. खांदे अक्षरशः भरून आले. तेव्हा टॅग लावतानाच विचारून घ्या, दारात मिळणार की बेल्टवर, आणि शक्य असेल तर गाडीचं कव्हर सोबत ठेवा, आमच्या गाडीच्या हँडलचा फोम एका बाजूने फाटून आला.

रस्त्यावर कशी चालते? सपाट फूटपाथवर एका हाताने वळते, एकदम हलकी. पण चाकं छोटी आहेत, दगडी फरशीच्या जुन्या गल्लीत शिरलो की पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागतात आणि फटीत अडकून गाडी एकदम थांबते, आतलं मूल पुढे झेपावतं. म्हणून पाच पट्ट्यांचा बेल्ट कायम लावायचा, दोन मिनिटांचं अंतर असलं तरी. फूटपाथवर चढवताना मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची चाकं उचलायची, हे पहिल्या दिवशी जमत नाही, दुसऱ्या दिवशी हाताला वळण लागतं. मेट्रोतून उतरताना मी गाडी उलटी ओढते, म्हणजे मोठी मागची चाकं आधी जातात आणि फटीत अडकत नाहीत.

मेट्रोवरून आठवलं, हॉटेल बुक करायच्या आधी जवळच्या स्टेशनला लिफ्ट आहे का ते बघाच. जुन्या मेट्रोत हा प्रश्न फार येतो, लंडनची १८६३ ची, तिथे आजही निम्म्याहून जास्त स्टेशनांवर पायऱ्या टाळून जाता येत नाही. आम्ही स्टेशनपासून चार मिनिटं म्हणून खूश होतो आणि तिथे नुसत्या पायऱ्या. गाडी घडी करून खांद्याच्या पट्ट्याने अडकवता येते हे खरं, पण एकीकडे ती, एकीकडे लेक, आणि गर्दीच्या वेळेचा जिना, फार जीव घाबरतो. तिसऱ्या दिवसापासून सोबत मूल छातीशी बांधायचं कॅरिअर ठेवायला लागलो, जिना आला की लेक नवऱ्याच्या छातीशी आणि गाडी माझ्याकडे. एकट्याने मूल घेऊन जाणार असाल तर दोन्ही न्या.

एक गोष्ट खरंच काळजीने लिहितेय. हँडलला बॅग अडकवू नका. सगळेच अडकवतात, आम्हीही अडकवली होती, डायपर, पाण्याच्या बाटल्या, तिचे कपडे असं सगळं. बागेत लेकीला उतरवलं आणि पुढचं वजन गेल्याबरोबर गाडी मागच्या मागे उलटली, हँडल फरशीवर दाणकन आपटलं. ती आत नव्हती आणि मागे कुणी उभं नव्हतं. त्यानंतर सगळं खालच्या बास्केटमध्ये, आणि बास्केट छोटी आहे त्यामुळे सामानच कमी केलं. दुसरं म्हणजे उन्हासाठी गाडीवर ओढणी किंवा चादर टाकू नका. हवा खेळत नाही आणि आत पटकन गरम होतं, बाहेरून कळतही नाही. हिची छत्री तशी तोकडी आहे, दुपारी उन्हाची तिरीप थेट तोंडावर येते, हा या गाडीचा मोठा दोषच म्हणेन, आम्ही सावलीची बाजू धरून चालायचो.

आणि गाडी आहे म्हणून मूल दिवसभर तिच्यात बसवून फिरवायचं नाही, ही चूक आम्ही पहिल्या दिवशी केली. चार ठिकाणं ठरवली होती, चारही केली, आणि संध्याकाळी तिने जी रडारड केली ती झोपेपर्यंत थांबली नाही, दुपारची झोप होऊनसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की या वयाच्या मुलांना एका वेळी तासापेक्षा जास्त असं बांधून बसवू नये आणि दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. मग आम्ही प्लॅनच बदलला. सकाळी आधी बाग किंवा मोकळं मैदान, तिथे तिला हवं तेवढं पळू द्यायचं, कबुतरांच्या मागे जाऊ द्यायचं, नंतर आमच्या आवडीचं एक ठिकाण आणि ते चालू असतानाच गाडीत झोप, संध्याकाळी हॉटेलजवळच काहीतरी छोटं. दिवसाला एकच मोठं ठिकाण. सासूबाईंनाही हेच झेपलं आणि पुढच्या चार संध्याकाळी शांत गेल्या.

थोडं विषयांतर, पण मला हे वाचून फार छान वाटलं होतं. या हलक्या घडीच्या गाड्यांची सुरुवात ओवेन मॅक्लारेन नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने केली, १९६५ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्याआधी त्याने स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलं होतं. लेकीची जड बाबागाडीशी चाललेली झटापट बघून त्याला हे सुचलं असं सांगतात. विमानाची चाकं पंखात दुमडून घेणाऱ्या माणसालाच हे सुचणार ना.

बाकी किरकोळ. कापड काढून धुता येतं, खाऊ सांडला की पुसूनही निघतं. ब्रेकचं पेडल वर उचलायला उघड्या चपलेत बोटांना लागतं, सासूबाईंना त्रास झाला, त्यांना बूट घालायला सांगितले. एका हाताने घडी होते असं लिहिलंय, ती होते, पण उघडायला एक हिसका द्यावा लागतो, घरी आठ-दहा वेळा करून बघा.

घ्यावी का? शहरात फिरणार असाल, मेट्रो-बस-विमान असं असेल, मूल दुपारी झोपणारं असेल तर नक्की घ्या. डोंगर, वाळू, खडबडीत गावरस्ते असतील तर ही नको, मोठ्या चाकांची बघा. घेताना दुकानात मूल सोबत न्या, बसवा, पाठ खाली करा आणि मान कुठे जाते ते बघा, नंतर मुलाला उचलून घ्या आणि एका हाताने घडी करून बघा. आमची २२ किलोपर्यंत चालते असं लिहिलंय आणि लेक आत्ता ११ ची आहे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या ट्रिपलाही हीच नेणार, छत्रीला जोडायचं जास्तीचं कापड तेवढं घ्यायचंय.