सुटे छर्रे की सीलबंद कार्ट्रिज? जुन्या सायकलचा बॉटम ब्रॅकेट घरी करताना

क्रँक (पेडलचा दांडा) आडवा हलवला की हाताला प्ले, म्हणजे सैलपणा लागतो, चढावर जोर दिला की दर फेऱ्याला एकाच जागी कट्ट वाजतं. पेडल आणि कॉटर पिना (जुन्या सायकलवर क्रँक एक्सलला धरून ठेवणाऱ्या पाचरी) तपासून झाल्या असतील तर दुखणं बहुधा बॉटम ब्रॅकेटमध्येच, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्या बेअरिंगवर फिरतो त्या भागातच आहे. मग प्रश्न येतो: छर्रे ज्यांत फिरतात ते दोन्ही बाजूंचे जुनेच कप ठेवून नवे छर्रे आणि ग्रीस भरायचं, की सगळं काढून सीलबंद कार्ट्रिज, म्हणजे एक्सल आणि बेअरिंग एकत्र बंद असलेला तयार संच बसवायचा? दोन्ही कामं घरी होतात.

सुट्या छर्‍यांची बाजू मुळीच लंगडी नाही. कप रॉकेलने धुऊन, पुसून, छर्रे फिरतात त्या पट्ट्यावर नख फिरवा. नख कुठेच अडकलं नाही आणि एक्सलवरचा उतारही गुळगुळीत असेल, तर तो बॉटम ब्रॅकेट अजून बरीच वर्षं चालेल. जाळीतले छर्रे असतील तर जाळीसकट काढून टाका. पाव इंची सुटे छर्रे एका बाजूला ११ बसतात, जाळीत बहुतेक ९ असतात. भार तेवढा जास्त छर्‍यांवर वाटला जातो. जुने आणि नवे मिसळू नका, नाहीतर किंचित मोठे असलेले नवेच सगळा भार उचलतात आणि पट्टा खातात. दोन कपांच्या मधे प्लास्टिकची नळी मात्र जरूर घाला. सीटच्या नळीतून उतरणारं पाणी आणि गंजाचे पापुद्रे थेट छर्‍यांवर पडतात, ते ती अडवते.

नख अडकलं तर नव्या छर्‍यांनी काहीच साधत नाही, कपच बदलावे लागतात. उजवा कप नेहमीच्या इंग्लिश आट्यांच्या शेलमध्ये (फ्रेमची आडवी नळी, जिच्यात कप बसतात) उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवून सैल होतो. त्याच्या कडा निसरड्या आणि पातळ, पाना सटकतोच. त्यापेक्षा जाड बोल्ट आतून बाहेर काढा, दोन्हीकडे वायसर लावून नटाने कप त्यात करकचून आवळा आणि बाहेरचा नट घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा. नट आणखी आवळत जातो आणि शेवटी कपाला सोबत घेऊन निघतो.

इथवर मी सुट्या छर्‍यांच्या बाजूनेच बोललो असतो. पारडं फिरलं ते डाव्या कपाच्या सेटिंगमुळे. कप पिन-पान्याने इतका आत घ्यायचा की एक्सल अडखळत नाही आणि हलतही नाही. ते जमतं. मग लॉक-रिंग (कप जागेवर पक्का करणारी बाहेरची रिंग) आवळली की ती कपाला आट्यांमधल्या फटीइतकं बाहेर ओढते आणि प्ले परत येतो. कप नीट धरला नाही तर उलट तो रिंगेसोबत आत फिरतो आणि एक्सल जड होतो. म्हणून कप आधीच किंचित घट्ट ठेवून रिंग लावायची, पण किंचित म्हणजे किती हे प्रत्येक सायकलवर वेगळं. शिवाय नुसता एक्सल बोटांनी हलवून तो बारीक प्ले कळतच नाही. क्रँकच्या लांबीमुळेच तो हाताला लागतो. म्हणजे क्रँक लावा, बघा, काढा, पुन्हा सेट करा. कॉटर पिनांच्या सायकलवर तर प्रत्येक फेरीत पिना ठोकून काढायच्या. त्या वेळी क्रँकखाली पक्का टेकू नसेल तर हातोडीचा मार छर्‍यांमधून कपावर जातो आणि नव्या पट्ट्यावरही खड्डे पडतात.

त्यात जुन्या फ्रेमच्या शेलच्या दोन्ही कडा एकमेकींना अगदी समांतर असतातच असं नाही. मग एक्सल एका जागी घट्ट आणि अर्ध्या फेऱ्यानंतर सैल लागतो, आणि कितीही सेटिंग केलं तरी ते जात नाही. कार्ट्रिजमध्ये दोन्ही बेअरिंग आपल्याच नळीत सरळ रेषेत बसलेले असतात, कडा थोड्या वाकड्या असल्या तरी त्यांना फरक पडत नाही. सेटिंग असं काही उरतच नाही. माझ्या मते जुन्या फ्रेमसाठी हाच सर्वांत मोठा फायदा आहे, आणि त्याचीच चर्चा कमी होते.

कार्ट्रिज खराब झाला की बहुधा अख्खा बदलायचा, उघडून दुरुस्त करायचा नाही, हे खरं. बसवताना आधी शेलचे आटे ब्रशने घासून ग्रीस लावा. उजवी बाजू घड्याळाच्या उलट, सुरुवातीचे काही आटे हातानेच. अडलं तर बाहेर काढून पुन्हा सरळ धरा, पाना लावून रेटू नका. मग डावा कप घड्याळाच्या दिशेने. आवळायचा जोर ५० ते ७० न्यूटन-मीटर, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर. कार्ट्रिज फिरवायचं २० दात्यांचं टूल सटकून खाचा खातं, म्हणून क्रँकचाच बोल्ट मोठ्या वायसरसकट टूलमधून एक्सलमध्ये हलका आवळून टूल जागेवर धरून ठेवा. हे आधी केलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

कॉटरची सायकल असेल तर कार्ट्रिजच्या चौकोनी टोकाच्या एक्सलसाठी चौकोनी भोकाचे क्रँकही नवे लागतील. कार्ट्रिजच्या एक्सलची लांबी निवडताना जुना एक्सल मोजून तेवढाच कार्ट्रिज घेऊ नका. जुने एक्सल उजवीकडे बऱ्याचदा जास्त बाहेर असतात, कार्ट्रिज बहुधा दोन्हीकडे सारखा. चेन सरळ चालायला सीटच्या नळीच्या मध्यापासून पुढच्या चक्राच्या दात्यांपर्यंतचं अंतर मोजा, आणि मागच्या फ्री-व्हीलचं फ्रेमच्या मध्यापासूनचं अंतर तेवढंच आहे का पाहा.

कार्ट्रिज घेण्याआधी शेलची रुंदी नक्की मोजा. ६८ मिलिमीटर आणि आटे इंचाला २४ असतील तर सहसा अडचण नाही. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅले कंपनीच्या सायकलींवर मात्र शेल ७१ किंवा ७६ मिलिमीटर आणि आटे इंचाला २६ सापडतात. तिथे साधा कार्ट्रिज जबरदस्तीने फिरवलात तर फ्रेमचे आटे जातील. अशा फ्रेमवर मूळचे कप शाबूत असतील तर ते ठेवून त्यांत बसणारा चौकोनी टोकाचा एक्सल शोधावा. डाव्या कपाचं सेटिंग तेवढं मग सोसावं लागेल.

क्रँकचे बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा बघा. ॲल्युमिनियमचा क्रँक सैल असताना चालवला की त्याचं चौकोनी भोक गोलावतं, आणि मग तो कितीही आवळला तरी राहत नाही.