कॉलेजचा इंटरनॅशनल सेल (परदेशी विद्यापीठांची कामं बघणारं ऑफिस): पाचपैकी तीन स्टार, तिन्ही तिथल्या मॅडमचे

मी एलआयसीची एजंट. पॉलिसी विकताना सरेंडरचं, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडण्याचं, कलम गिऱ्हाइकाला आधी वाचून दाखवते. पण लेकीची अॅडमिशन घेताना 'हा करार मोडला तर काय?' हे विचारायचं डोक्यात आलं नाही. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिचे काही कागद अजून तिथून यायचेत.

स्कीम 2+2 ची. दोन वर्षं इंजिनिअरिंग इथे, दोन इंग्लंडला, पदवी तिकडची. चौथ्या सेमिस्टरच्या सबमिशनच्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडलं. इंग्लंडच्या विद्यापीठाशी असलेला करार संपतोय, पुढे वाढवणार नाही. खाली ना सही, ना फोन नंबर. दुसऱ्या दिवशी गेलो तर संचालक 'मीटिंगमध्ये', ते दिवसभर.

मग घरी येऊन वाचत बसले. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत तीन प्रकार आहेत: ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल. ट्विनिंगमध्ये परदेशातले क्रेडिट (विषयाच्या अभ्यासाचं माप) 30 टक्क्यांपर्यंतच चालतात. आमचे तर निम्मे तिकडचे. जॉइंट म्हणावं तर पदवीवर दोघांची नावं लागतात, ड्युअल म्हणावं तर दोघांच्या वेगवेगळ्या पदव्या, आमची तर एकच. म्हणजे आमची स्कीम त्यात धड कुठेच बसत नव्हती! माहितीपत्रकावर मात्र 'ट्विनिंग' ठळक अक्षरात.

करार संपतात, त्याबद्दल तक्रार नाही. सिंगापूरच्या येल-एनयूएस कॉलेजचंच बघा, अमेरिकेचं येल आणि सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ यांनी मिळून काढलेलं. बंद करणार हे ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं, तेही मुलांना-प्राध्यापकांना आधी न विचारता, त्यावरून बरीच ओरड झाली. पण त्या वर्षी घेतलेल्या शेवटच्या बॅचला 2025 पर्यंत शिकवून पदवी दिली. आम्हाला एवढंच हवं होतं. पीडीएफमध्ये तारीख होती ती कराराची, मुलांची नव्हती.

इथे सेलमधल्या मॅडम भेटल्या. कंत्राटी नोकरी, टेबलावर दोन फायली आणि झाकणाला तडा गेलेला डबा. त्यांनी वहीच्या पानावर आखून दाखवलं: आपल्याकडे वर्षाचे साधारण 40 क्रेडिट, इंग्लंडमध्ये 120. म्हणजे आपला एक तिकडचे तीन. मटेरियल सायन्सचे 4, म्हणून 12. पण तिकडचे विषय बहुतेक 10 नाहीतर 20 चे. मग त्यांनी लॅब त्यालाच जोडली, 20 च्या वर नेलं, आणि प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमावर पानोपानी शिक्का मारून दिला. तिकडच्या विभागाला रोज मेल करून लेकीच्या बॅचला घ्यायचं लेखी मिळवलं, तेही त्यांनीच. संचालकांची सही मात्र अकरा दिवसांनी.

लेक गेली. तिच्या मागून आलेल्या बॅचला ते लेखी लागू नाही. त्यांना इथल्याच नेहमीच्या बी.टेक.ला वळवलंय, फी मात्र जुनीच. 'इंटरनॅशनल रजिस्ट्रेशन'चे पैसे परत मागितले की फॉर्म देतात, फॉर्म दिला की तो 'वरती' जातो.

तुमची मुलं त्या बॅचमध्ये असतील तर अभ्यासक्रमाचे शिक्के आत्ताच मारून घ्या, सेल बंद झाल्यावर शिक्का कुणाकडे जाणार ते मॅडमनाही माहीत नाही. साडेतीनच्या आत जा, त्यांना चारची बस असते.