सर्व्हरवर पावतीची पीडीएफ : वीझीप्रिंट घ्यावं की क्रोमियम?

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानासाठी मी पावत्यांची सोय करून दिली. अभिषेक, लघुरुद्र, जत्रेची देणगी, कशाचीही पावती असो, कारकुनाने वेबपानावर माहिती भरायची आणि सर्व्हरने ए-५ आकाराची पीडीएफ बनवून द्यायची. म्हणजे आधी पावती एचटीएमएलमध्ये (वेबपानाच्या भाषेत) तयार करायची आणि एखाद्या सॉफ्टवेअरने तिची पीडीएफ करायची. पहिली पावती छापली तेव्हा यजमानांच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन आले. माझ्या लॅपटॉपवर देवनागरी फाँट होता, सर्व्हरवर एकही नव्हता. तेव्हा कोणतंही सॉफ्टवेअर निवडा, आधी नोटो किंवा लोहित देवनागरी हा फाँट सर्व्हरवर बसवा.

आता निवडीचं. जुन्या लेखांत सगळीकडे डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ (wkhtmltopdf) हे सॉफ्टवेअर सुचवलेलं दिसेल. एका आज्ञेत काम होतं हे खरं. पण त्याची शेवटची आवृत्ती, ०.१२.६, २०२० मध्ये आली आणि २०२३ मध्ये प्रकल्पच बंद झाला. आत जुनं वेबकिट (पान रंगवणारं ब्राउझरचं इंजिन) असल्याने सीएसएस ग्रिड, म्हणजे पानाची चौकटींत मांडणी करायची नवी पद्धत, त्याला कळत नाही. चालू असलेली जुनी व्यवस्था लगेच मोडू नका, पण नवं काम त्यावर उभारू नका.

खरी निवड उरते ती वीझीप्रिंट आणि क्रोमियम या दोघांत. वीझीप्रिंट पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे, मुळात छपाईसाठीच. कागदाचा आकार, समास, 'पान ३ पैकी १' असा पानाच्या तळाचा आकडा, हे सगळं सीएसएसमध्येच (पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेत) लिहिता येतं. अक्षरांची मांडणी पँगो करतं, त्यामुळे जोडाक्षरं व्यवस्थित येतात. मात्र पँगो ही वेगळी लायब्ररी आहे. नुसता पायथॉनचा भाग बसवून काम होत नाही, तीही सर्व्हरवर लागते. आणि जावास्क्रिप्ट अजिबात चालत नाही. पान ब्राउझरमध्ये उघडल्यावर जावास्क्रिप्टने आलेख काढत असेल, तर पीडीएफमध्ये ती जागा कोरीच राहील. शेकडो ओळींच्या तक्त्यालाही ते रेंगाळतं, म्हणून वर्षभराच्या देणगीदारांची यादी मी रात्री काढून ठेवतो.

क्रोमियम हा क्रोमच्या मुळाशी असलेला ब्राउझर, त्याला जावास्क्रिप्टचा अडसर नाही. स्क्रीनवर दिसतं ते जवळपास तसंच कागदावर उतरतं. पपेटिअर या लायब्ररीतून, म्हणजे प्रोग्रॅम लिहून, तो चालवता येतो. डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात बंद करून चालवायची सोय) वापरत असाल तर क्रोमियम आत असलेली गोटेनबर्ग ही सेवा तयारच मिळते, एचटीएमएल पाठवा, पीडीएफ परत घ्या. पण हा पूर्ण ब्राउझर आहे, रॅम भरपूर खातो. प्रत्येक पावतीला तो नव्याने सुरू करू नका, एकच उघडा ठेवून त्यात पानं उघडा-मिटा. डॉकरमध्ये सामायिक स्मृती (शेअर्ड मेमरी) मुळात ६४ एमबीच असते, तीही वाढवावी लागते. पपेटिअरमध्ये पार्श्वभूमीचे रंग आपणहून छापले जात नाहीत, ती सोय चालू करावी लागते. रूट म्हणून, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने, चालवायला क्रोमियम नकार देतो, तेव्हा बरेच जण सँडबॉक्स (पानाला बाकी सर्व्हरपासून वेगळं ठेवणारं कुंपण) बंद करून मोकळे होतात. ते करू नका. वेगळा, कमी अधिकारांचा वापरकर्ता बनवा.

दोन्हीकडे धोका एकच: बाहेरच्या माणसाने भरलेला मजकूर जसाच्या तसा एचटीएमएलमध्ये गेला, तर तो सर्व्हरवरच्या फायली किंवा आतल्या जाळ्यातले पत्ते पीडीएफमध्ये ओढू शकतो. मजकूर आधी निर्धोक करून घ्या.

देवस्थानाला मी वीझीप्रिंट दिलं. साधी पावती, लहान सर्व्हर, चवथीच्या दिवसांतली गर्दी. त्याला ब्राउझरचा भार नको होता. तुमच्याकडे आलेख असलेले अहवाल असतील तर क्रोमियमच घ्या, रॅमचा खर्च सोसूनही.

एचटीएमएलमध्ये भाषा मराठी नोंदवायला विसरू नका. फाँटमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. मग 'कुंकळ्ळी', 'म्हार्दोळ', 'तऱ्हा' आणि 'ज्ञानेश्वर' एवढे चार शब्द टाकून एक पान काढा आणि ते पडद्यावर नव्हे, कागदावर तपासा.